ऑक्टोबर हीट आणि हिरवा हौद

माझ्या मामाच्या चामटोलीच्या घरामागे स्विमिंग पूल आहे. हे वाक्य मी हापिसात एकदाच बोललो आणि तेव्हापासून टीममधले चारजण दर शुक्रवारी "मग, उद्या काय प्लॅन?" असं विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला पूल असतो. प्रत्यक्षात तो सहा मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला पाच फूट खोल असा निळ्या टाइल्सचा हौद आहे. मामी त्याला हौदच म्हणते. पाणी मावतं पंचवीस हजार लिटर.

चामटोली कुठे आलं? बदलापूर सोडून वांगणीकडे निघालात की वाटेत. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, आठवतंय? ते बदलापूर आणि वांगणीच्या मधे पसरलेलं पाणी उल्हास नदीचं. तोच हा पट्टा. पावसाळ्यात इथे सगळं रानच हौद होतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर मामाच्या हौदाकडे बेडकांखेरीज कोणी फिरकत नाही.

तर यंदा दसऱ्याला आम्ही तिथे गेलो आणि बघतो तर काय, हौदात पालकाचं सूप! वरची पायरी दिसत होती, दुसरी अंदाजाने. तीन आठवड्यांवर दिवाळी. दिवाळीला मामेबहीण येणार, तिची सहा वर्षांची मुलगी येणार, आणि ती उन्हाळ्यात नवीनच पोहायला शिकलेली. फोनवर तिचा एकच प्रश्न, "मामा, हौद भरलाय ना?" (हौद भरलाच होता. प्रश्न कशाने, हा होता.)

मामीने निकाल देऊन टाकला, "तळ दिसल्याशिवाय पोरीला पाण्यात पाय घालू देणार नाही." तिने केरळच्या बातम्या वाचल्या होत्या. मेंदू खाणारा अमीबा म्हणून पेपरात येतं ते. नेग्लेरिया फावलेरी. कोमट, साचलेल्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात राहतो आणि नाकावाटे मेंदूत जातो. २०२४ मध्ये तिथे काही मुलं दगावली, २०२५ मध्ये पुन्हा रुग्ण सापडले. हे दुर्मीळ आहे असं मी तिला सांगायला गेलो खरा, पण तिचा दुसरा मुद्दा बिनतोड होता. गढूळ पाण्यात पोर चार फुटांवर बुडलं तरी काठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. यावर इंजिनिअर काय बोलणार? "मी करतो साफ," एवढंच बोललो.

आता साफ करायचं म्हणजे आधी नेट. 'शरद ऋतूत पुलाची निगा' या विषयावर ढीगभर लेख आहेत आणि सगळे अमेरिकेतले. पानं गळतील, जाळीने काढा. पाणी गार होईल, शेवाळं मंदावेल. ताडपत्री घाला आणि वसंत ऋतूपर्यंत विसरा. वा! आपल्याकडे सागाची पानं गळतात होळीच्या आसपास, आणि ऑक्टोबरात बदलापूरला दुपारी बाहेर उभं राहून दाखवा. चार महिने ढगाआड असलेलं ऊन एकदम येतं, पाणी कोमट, आजूबाजूच्या भातशेतांतून वाहून आलेला गाळ आणि खत. शेवाळ्याचा तर हा सीझनच सुरू होतो.

तरीही मी एक्सेल शीट केली. (सवय!) पंचवीस हजार लिटर, तीन पीपीएम क्लोरीन, म्हणजे शुद्ध क्लोरीन पाऊणशे ग्रॅम. ब्लीचिंग पावडरमध्ये ते साधारण ३३ टक्के असतं, म्हणून रोज सव्वादोनशे ग्रॅम पावडर, सकाळी आठ वाजता. घराची देखभाल करणाऱ्या काकांना तसं सांगून टाकलं.

या काकांविषयी थोडं सांगायला हवं. ते पूर्वी त्यांच्या ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक होते. म्हणजे गावाच्या विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर टाकणारा आणि नळाच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट घेणारा माणूस. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडरच. ओ.टी. म्हणजे ऑर्थोटोलिडीन, दोन थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. एवढी माहिती मला होती. तिचा उपयोग करावा हे मात्र सुचलं नाही.

काका म्हणाले, "दादा, सकाळी आठला मी भातकापणीला असतो. संध्याकाळी टाकली तर नाय चालणार?"

"काका, सकाळी टाकली की ती दिवसभर काम करेल ना!"

काका "बरं" म्हणाले. हा 'बरं' प्रत्येक टेस्टरच्या तोंडून ऐकलेला आहे मी, ज्याचा अर्थ 'तुझं तू बघ' असा असतो.

आठवडाभर ते रोज सकाळी कापणी सोडून येत, पावडर टाकत, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत. हिरवा, हिरवा, जास्त हिरवा. मी डोस वाढवला. परत हिरवा. पुढच्या शनिवारी स्वतः जाऊन बसलो. आठला डोस, आणि दुपारी एकला ओ.टी. टेस्ट घेतली तर पाणी पांढरंस्वच्छ. म्हणजे क्लोरीन शून्य! टाकलेलं गेलं कुठे?

उन्हात. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण क्लोरीन मोडतात. उघड्या पाण्यातलं क्लोरीन कडक उन्हात दोन-चार तासांत बहुतेक संपतं. म्हणून पुलाच्या पाण्यात सायन्युरिक अॅसिड घालतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं, एक प्रकारची छत्रीच. ३० ते ५० पीपीएम पुरतं. मामाने दोन वर्षांपूर्वी ते घातलंही होतं. मग ते कुठे गेलं? मी पुन्हा शीट उघडली आणि कपाळावर हात मारला. आपल्याकडे चार महिन्यांत दोन-अडीच मीटर पाऊस सहज पडतो. हौदाची सरासरी खोली १.२ मीटर. म्हणजे हौदात जेवढं पाणी मावतं, त्याच्या दुप्पट आभाळातून पडलं आणि काठावरून वाहून गेलं. जाताना छत्री घेऊन गेलं. सर्व्हर रिस्टार्ट झाला होता, कॅशे रिकामी होती, आणि मी जुन्याच आकड्यांवर हिशेब करत होतो.

इथवर ठीक. पुढचं लिहायला लाज वाटते.

मी ऑनलाइन टीसीसीए गोळ्या मागवल्या. त्यांत क्लोरीन आणि छत्री दोन्ही एकत्र येतं. मंगळवारी पार्सल पोचल्याचा काकांचा फोन आला तेव्हा मी दोन मीटिंगच्या मधे होतो. "आज संध्याकाळपासून पावडर आणि गोळ्या एका बादलीत कालवा आणि टाका," असं सांगून फोन ठेवला. रात्री साडेदहाला जेवून, सहज म्हणून गोळ्यांची माहिती वाचायला घेतली. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. ओल लागली तर विषारी वायू, आग, स्फोट.

काकांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. मामा-मामी डोंबिवलीला, तिथे त्या रात्री कोणीच नव्हतं. बादली, बादलीवर वाकलेले काका, असं एकच चित्र डोळ्यांसमोर. मी किती वेळा रीडायल केलं ते फोनने मोजलं असेल. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघायचं ठरवून बूट घालत होतो तेव्हा पावणेसहाला काकांचाच फोन आला.

"रात्री लाईट नव्हती दादा, फोन बंद पडला. एवढे मिस्ड कॉल?"

"काका, त्या गोळ्या..."

"त्या खोक्यातच आहेत. पावडरीत दुसरं काय कालवायचं नसतं, ट्रेनिंगला सांगितलेलं आम्हाला. म्हटलं तुम्ही शनिवारी आलात की विचारू."

मी तसाच बूट घालून पलंगावर बसून राहिलो. हापिसात त्या दिवशी उशिरा गेलो, कारण काय ते सांगितलं नाही.

शनिवारी पोचल्यावर आधी माफी मागितली. काका हसले आणि म्हणाले, "आता माझ्या पद्धतीने करू?" त्यांनी आधी पावडरचं पोतं हुंगलं. पावसाळ्याची हवा लागून निम्मी मेलेली होती, ३३ टक्के फक्त माझ्या शीटमध्ये. नवीन आणली. दिवेलागणीला पाऊण किलो बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ तेवढी हौदात ओतली. विहिरीतही रात्रीच टाकतात, दिवसाचा उपसा संपल्यावर, म्हणजे सकाळपर्यंत पावडरीला निवांत काम करता येतं. मी टाइल्सच्या फटी ब्रशने घासल्या (हे शेवाळं वरून मरतं, फटीत जगतं), आणि पंप रात्रभर चालू ठेवला. पावसाने पाण्याची क्षारताही धुतली होती, त्यासाठी दोन किलो खायचा सोडा. किराणावाल्याने विचारलं, "भज्यांची ऑर्डर का?" छत्रीसाठी नुसतं सायन्युरिक अॅसिड, पाऊण किलो, माझ्या जुन्या मोज्यात भरून फिल्टरमधून पाणी परत येतं त्या तोंडाशी टांगलं. टीमला हा फोटो पाठवलेला नाही.

गोळ्या मी परत केल्या. सोयीच्या असतात, पण दर गोळीबरोबर छत्री वाढत जाते, आणि फार झाली की क्लोरीन सुस्तावतं. पावसाळा येईपर्यंत त्यावर उपाय एकच, हौद उपसून पाणी बदलणं. मे महिन्यात काकांच्या घरच्या बायका हंडे घेऊन कुठपर्यंत जातात ते मी पाहिलंय. तेव्हा बोअरचं पाणी निळ्या टाइल्सवर ओतायला माझा हात धजणार नाही. तसा ऑक्टोबरात तरी का धजावा, हा प्रश्न मामीने विचारलाय. मामाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही.

रविवारी पाणी राखाडी झालं. मेलेलं शेवाळं. काका दिवसातून दोनदा फिल्टर उलटा धुवत राहिले. बुधवारच्या फोटोत पहिल्यांदा तळाची जाळी दिसली.

दिवाळीत पोरगी स्विमिंग कॅप घालूनच गाडीतून उतरली. ओ.टी.चा पिवळा रंग फिका होईपर्यंत काकांनी तिला एक दिवस थांबवलं, रडली तरी. पाडव्याला सकाळी त्यांनी खिशातून एक रुपया काढला आणि पाच फुटांच्या टोकाला टाकला. मग मामीला काठाशी बोलावलं. मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालंय. ती वाकली, चष्मा नीट केला, बराच वेळ बघत राहिली.

"काटा," ती म्हणाली.

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत पोरगी पाण्यात होती.