सौदा सुरू व्हायच्या आत

११ सप्टेंबर, नांदेड
आडतीच्या सॉफ्टवेअरची कंटेनर-इमेज पावणेदोन जीबी. एवढं ओझं लातूरला कसं पोचवायचं?

१२ सप्टेंबर
कंपायलर आणि चाचणीची साधनं बांधणीच्या टप्प्यातच सोडली. चालवायला लागतं तेवढंच अल्पाइनवर ठेवलं. दीडशे एमबीच्या आत आली. आता बदल झाला तर बदललेला थर तेवढा जाईल, बाकीचे नोडवर असतीलच.

१४ सप्टेंबर
खासगी रजिस्ट्रीत इमेज चढली. लातूरच्या क्लस्टरवर पॉड उभे राहीनात. 'इमेजपुलबॅकऑफ'. दहा सेकंद, वीस, चाळीस. वाढत वाढत पाच मिनिटांवर.

१५ सप्टेंबर
इमेज पॉड ओढत नाही, नोड ओढतो. रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र तिन्ही नोडवर ठेवलं, कंटेनर-डीला सापडेल अशा जागी.
रात्री: प्रमाणपत्र पटलं. आता ४०१. ओळख मागतंय.

१७ सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन. आई दर वर्षी आजोबांच्या १९४८च्या आठवणी सांगते, आजही सांगितल्या.
दुपारी काम. रजिस्ट्रीचा पासवर्ड सीक्रेटमध्ये ठेवायचा, पण एका नेमस्पेसमधलं सीक्रेट दुसऱ्याला दिसत नाही. वजनकाट्याचं नेमस्पेस वेगळं, शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीचं वेगळं. दोन्हीकडे केलं, सर्व्हिस अकाउंटला जोडलं. पॉड उभे.

१८ सप्टेंबर
सीक्रेटमधला पासवर्ड बेस-६४मध्ये असतो. त्याला कुलूप म्हणता येत नाही, कोणीही उलगडेल. क्लस्टरसाठी रजिस्ट्रीत वेगळं खातं काढलं, फक्त वाचण्यापुरतं. शेतकऱ्यांचे खातेक्रमांक आहेत या सॉफ्टवेअरमध्ये. झोप लागेना.

२२ सप्टेंबर, लातूर
पहाटेची एसटी. लोहा, अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं सोयाबीन.
आडतीवर नवा माल यायला लागलाय. मुनीमकाका म्हणाले, "मॅडम, काटा थांबला की शेतकरी थांबला. त्याला परत गावाकडं जायचं असतंय."

२३ सप्टेंबर
सौद्यानंतर वीज गेली. यूपीएस संपला. वीज आली, नोड उठले, नांदेडची लाइन मात्र बंदच.
इमेज नोडवर होती. तरी पॉड अडले. टॅग 'लेटेस्ट' असला की कुबरनेटीस दर सुरुवातीला रजिस्ट्रीला विचारतं, आणि रजिस्ट्री नांदेडात.
पट्ट्या हाताने लिहिल्या. अंधार पडेपर्यंत माणसं बसून होती.

२४ सप्टेंबर
'लेटेस्ट' बंद. इमेजचा शा-२५६ डायजेस्टच लिहिला. नोडवर नसेल तरच ओढायची.
पण डिस्क ८५ टक्क्यांवर गेली की क्युबलेट वापरात नसलेल्या इमेज पुसतं. नवा नोड जोडला तर तोही रिकामाच. त्या दिवशी लाइन नसली तर?

संध्याकाळी मुनीमकाकांना हे सांगितलं. म्हणाले, "२०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तवापासून घरी टाकी मोठी ठेवलीय."

२६ सप्टेंबर
लातूरलाच रजिस्ट्री बसवली. रात्री नांदेडहून प्रत उतरते. नोड आधी इथे विचारतात, मग नांदेडला.

२८ सप्टेंबर
बाजार लवकर आटोपला. मुद्दाम नांदेडची लाइन काढली. एका नोडवरच्या सगळ्या इमेज पुसून तो चालू केला. पॉड उभे. पट्टी निघाली.

१ ऑक्टोबर
आवक वाढली. औशाकडचे एक आजोबा पट्टी घेऊन उभे होते. वजन, ओलावा, दर, हमाली, तोलाई. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचलं. तोलाईवर अडले. मुनीमकाकांनी समजावलं, पटल्यावर गेले.

२ ऑक्टोबर
नांदेडला कळवलं: हंगाम संपेपर्यंत नवी आवृत्ती सौद्याच्या वेळेत चढवायची नाही. रात्री चढवायची, पहाटे एक पट्टी काढून बघायची, आणि जुन्या आवृत्तीचा डायजेस्ट मुनीमकाकांच्या वहीतही लिहून ठेवायचा.