आईची वही

पुस्तक लिहायला घेतले तेव्हा आम्हाला वाटले होते, वर्षभरात काम उरकेल. आमची आई रेवदंड्यात नारळ-सुपारीच्या वाड्यांतून मजुरी करीत आली. तिच्या पिढीच्या बायकांच्या आठवणी लिहून ठेवायच्या, एवढाच आमचा संकल्प. निवृत्त झाल्यावर कागद आणले, पहिले प्रकरण लिहिले. ते मनास येईना. पुन्हा लिहिले. असे नऊ वेळा झाले, पण दुसरे प्रकरण काही सुरू होईना. आई शहाऐंशी वर्षांची. दृष्टी अधू झालेली. रोज संध्याकाळी विचारायची, "किती झालं रे?" आम्ही म्हणायचो, "होतंय, आई." आणि मनातून खजील व्हायचो.

एके दिवशी नातवाने गावातला अफनासी निकितीनचा स्मारकस्तंभ पाहून विचारले, "हा कोण?" त्याला सांगायचे म्हणून आम्ही वाचले. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी पंधराव्या शतकात शेजारच्या चौल बंदरात उतरला. त्याआधीच व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याला लुटले होते. बरोबरची पुस्तकेही गेल्यामुळे सणवार कधी येतात याचा हिशेबसुद्धा त्याला राहिला नाही. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. तो पुढे परत मिळाला. तरीही त्याची टिपणे चालूच होती. गोरा माणूस बघायला लोक कसे मागे लागतात, बायका केस कसे ठेवतात, पुढचे गाव किती दिवसांच्या वाटेवर आहे, हे सगळे त्याने लिहिले. परतताना घर गाठण्यापूर्वीच तो वारला. त्याच्या वह्या १४७५ साली मॉस्कोला पोहोचल्या, म्हणून आज चौलची ती हकिकत आपल्याला वाचता येते.

मग आम्ही घरातलाच ग्रंथ पुन्हा उघडला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' बाबासाहेबांनी १९५१ ते १९५६ या काळात मूळ इंग्रजीत लिहिला, तोही आजारपण सोसत. त्याचे आठ खंड; खंडांचे भाग, भागांची छोटी प्रकरणे, आणि वाक्यांनासुद्धा क्रमांक. इतकी वर्षे आम्ही तो वाचला, पण एवढे मोठे काम लहान लहान तुकड्यांनी उभे आहे, हे तेव्हाच ध्यानात आले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५७ साली. छापलेली प्रत पाहायला बाबासाहेब नव्हते.

ही गोष्ट आमच्या मनाला लागली. आमची आई तरी आपले पुस्तक ऐकायला राहील का?

दुसऱ्या दिवशी पहिले प्रकरण बासनात बांधले आणि साधी शंभरपानी वही घेतली. रोज एकच आठवण, एकच पान. रात्री वही मिटण्याआधी उद्याच्या आठवणीचे नाव खाली लिहून ठेवायचे: 'सोललेल्या सुपाऱ्या', 'भरतीचे पाणी घरात', 'पहिली पाटी'. त्यामुळे सकाळी कोरे पान समोर येत नाही. खाडा झाला तर जुने सुधारत बसायचे नाही, पुढचे पान लिहायचे. आणि लिहिलेले त्याच संध्याकाळी आईला वाचून दाखवायचे.

ती मुकाट्याने ऐकत नाही. "तेव्हा मजुरी पैशांत नव्हती, नारळात होती," असे मध्येच सांगते. तिची ती दुरुस्ती हेच आमचे दुसऱ्या दिवशीचे पान.

आज एकसष्ट पाने झाली आहेत. पुस्तक केव्हा होईल ते होवो. वाचकहो, तुमच्या घरी असे कुणी वडीलधारे माणूस असेल, तर चांगल्या सुरुवातीची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.