छोटी कुणाकडे आहे?

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. आजवर मी ती कुठे लिहिली नाही, घराबाहेर कुणाला नीट सांगितलीही नाही. घरात तर ठरूनच गेलं होतं, ‘बच गई ना? बस, अब उसका नाम मत निकालो.’ पण उन्हाळा लागला, लग्नाच्या पत्रिका येऊ लागल्या की माझ्या पोटात खड्डा पडतो. यंदा म्हटलं, लिहूनच टाकावं.

नणंदेच्या मुलीचा निकाह होता. सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेला एका गावातल्या शादीखान्यात. जेठांची सात सीटची गाडी आणि आम्ही लहानमोठे नऊ जण. आपल्याकडे गाडीत किती सीट आहेत हे कुणी विचारत नाही, मांड्या किती रिकाम्या आहेत ते बघतात. आमची धाकटी तेव्हा तीन वर्षांची. तिला सगळे छोटी म्हणतात. ती अगदी शेवटच्या सीटवर, आहेराच्या पिशव्यांना टेकून झोपली होती. नवा शरारा, केसांत क्लिपा, गालाला कुणाच्या तरी मेहंदीचा डाग.

आमच्यातल्या लग्नांची रचना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बायकांचा दरवाजा वेगळा, पुरुषांचा वेगळा. मध्ये पडदा किंवा भिंत. मोठी माणसं आपापल्या बाजूला बसतात आणि लहान मुलं दिवसभर या बाजूची त्या बाजूला फिरत राहतात. अम्मीला वाटतं मूल अब्बांकडे आहे, अब्बांना वाटतं अम्मीकडे. निम्मं लग्न असंच पार पडतं आणि त्यात काही वावगं वाटत नाही, कारण दोन्हीकडे आपलीच माणसं असतात.

जेठांनी आम्हा बायकांना आमच्या दरवाजापाशी उतरवलं आणि गाडी मागच्या मैदानात लावायला नेली. उतरताना मी म्हटलं, ‘छोटी सो रही है, ले के आना.’ असं मला पक्कं आठवतं. मुलांचे अब्बा म्हणतात, तू असं काही म्हटलंच नाहीस. आजही या एका वाक्यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी म्हटलं असेल तर डिझेल गाडीच्या आवाजात ते विरलं असेल. किंवा मनातल्या मनात म्हटलं असेल. पुरुष मंडळी उतरली, पुढच्या सीटवरचे हार आणि मिठाईचे खोके घेतले, जेठांनी बटण दाबून गाडी बंद केली आणि सगळे वजू करायला गेले. वेळ जोहरच्या आसपासची. सावलीला एक झाड नव्हतं.

आत मी काय करत होते? नवरीच्या ओढणीला पिना लावत होते. मध्येच कुणीतरी विचारलं, छोटी नाही आणली? मी म्हटलं, आहे ना, अब्बांकडे. इतक्या सहज बोलले, जणू डोळ्यांनी बघितलं होतं.

मग पडद्यापलीकडून माईकवर आवाज आला. काझीसाहेबांचा नव्हता. एक पोरगा धापा टाकत गाडीचा नंबर सांगत होता. ‘एम एच तेरा, पांढरी गाडी, अंदर बच्ची है, जल्दी आओ!’ नंबर माझ्या डोक्यात शिरलाच नाही. ‘बच्ची’ हा शब्द शिरला.

मैदानापर्यंत मी चप्पल न घालता गेले, हे रात्री पायाला फोड आले तेव्हा कळलं. तोवर जेठांनी दार उघडलं होतं. छोटी लालबुंद झाली होती, केस घामाने चिकटलेले, क्लिपा कुठे पडल्या ठाऊक नाही. रडून रडून आवाज बसला होता. पण रडत होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, रडत होती आणि घाम येत होता हीच चांगली खूण. मूल गप्प पडलं, सुस्त झालं, अंग तापून हाक मारल्यावर बघेनासं झालं की गोष्ट हातातून निसटू लागते. वेळेचा हिशेब नंतर लावला तो वीस मिनिटांच्या आतबाहेरचा.

वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. मलाही वाटत होतं, म्हणून नंतर शोधून वाचलं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात साधा प्रयोग मांडला होता. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असलेल्या दिवसांत त्यांनी बंद गाडीतलं तापमान मोजलं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वर गेलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवली तरी फारसा फरक पडला नाही. ऊन काचेतून आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि ती उष्णता कोंडून राहते. हे बाहेर ३६ अंशांपर्यंतचं गणित झालं. आपल्या सोलापुरात मे महिन्यात ४२ अंशांचं कुणाला नवल वाटत नाही. त्यात लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. ‘दोन मिनिटांत आले’ म्हणून दुकानात शिरणाऱ्या बाईची दोन मिनिटं किती असतात, ते रांगेत उभ्या असलेल्या आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर अशी प्रत्येक बातमी माझ्या नजरेला पडू लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये कतरमध्ये चार वर्षांची भारतीय मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपून राहिली. कुणी बघितलं नाही, बस बंद करून सगळे गेले. तो तिचा वाढदिवस होता. कोकणातली कितीतरी घरं आखातात आहेत, त्यांनी ही बातमी कशी वाचली असेल! जून २०२३ मध्ये नागपूरच्या फारुख नगरातली तीन चिमुरडी खेळताना नाहीशी झाली आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत मृत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिलला पाच आणि सात वर्षांची भावंडं पडून असलेल्या एका गाडीत तशीच सापडली. पुढच्याच महिन्यात राजस्थानात कोट्याजवळ एक कुटुंब लग्नाला गेलं. आई मोठ्या मुलीला घेऊन उतरली, वडील गाडी लावायला गेले. तीन वर्षांची धाकटी आईबरोबर गेली असं वडिलांना वाटलं, वडिलांबरोबर असेल असं आईला. ती बातमी मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचली. दूध उतू गेलं. ती माझीच गोष्ट होती, फक्त त्या लग्नात माईककडे धावणारा पोरगा नव्हता.

अशा बातम्यांखाली लोक काय लिहितात तेही मी वाचलं. ‘आई आहे की कोण?’ ‘मोबाइलमध्ये असेल.’ मीही कधीकाळी तसंच म्हटलं असतं. मी बी.एड. केलेली बाई. बालमानसशास्त्राचा पेपर दिला आहे, वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते आहे. शाळेची सहल निघाली की बसमध्ये चढताना मुलं मोजते, उतरताना मोजते, किल्ल्यावर पोचल्यावर पुन्हा मोजते. पोरं चिडवतात, ‘मॅडम फिर गिनती करने लगे.’ आणि त्या दिवशी आम्ही नऊच जण होतो, ते मी मोजले नाहीत. घरच्यांना कोण मोजतं?

फ्लोरिडातले डेव्हिड डायमंड नावाचे मेंदूशास्त्रज्ञ या विषयावर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सवयीने चालणारी स्मृती आणि ‘आज हे वेगळं करायचं आहे’ याची स्मृती यांच्यात ओढाताण झाली की बहुतेक वेळा सवय जिंकते. त्यात झोप कमी, घाई जास्त आणि मूल मागे गुपचूप झोपलेलं. जीव लावणारे, जबाबदार आईबापही असे विसरतात. मला यातून सुटका नको आहे. पण ‘मी विसरणाऱ्यांतली नाही’ असं वाटणं हाच मोठा धोका, एवढं मला पटलं आहे.

आणि ‘अल्लाह की मर्जी’ हे वाक्य. ते दुःखात बुडालेल्या माणसाला धीर द्यायला आहे. गाडीचं मागचं दार उघडून न बघण्याची सबब म्हणून ते वापरलेलं मला चालत नाही. मूल अमानत आहे असं आपणच म्हणतो ना? दुसऱ्याची अमानत ठेवलेली पेटी आपण दिवसातून चारदा जाऊन बघतो.

तो पोरगा शादीखान्याच्या मैदानात मोटारसायकली रांगेत लावायचं काम करायचा. सोळा-सतरा वर्षांचा असेल. गाडीच्या मागच्या काचेला आतून उन्हाची काळी जाळी चिकटवलेली होती. तिच्या कडेने त्याला एक हात दिसला. मी त्याला विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, ‘दगड उचलला होता बाई. पण गाडी नवी दिसली. मालक मारेल म्हणून आधी माईककडे पळालो.’

हे ऐकून मला जास्त भीती वाटली. कारण छोटी तेव्हा रडत होती म्हणून माईकपर्यंत जाऊन यायला वेळ होता. ती गप्प पडलेली असती तर? म्हणून जिथे संधी मिळेल तिथे मी सांगते. बंद गाडीत एकटं मूल दिसलं की आधी दारं ओढून बघा. एकाने गाडीपाशीच थांबावं, दुसऱ्याने नंबर पुकारावा. लग्नात माईक आहे, मोहल्ल्यात मशिदीचा आहे. ११२ ला फोन करा. मूल सुस्त असेल, हाकेला ओ देत नसेल तर मालकाची वाट बघू नका. मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडा. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका, ती दोन थरांची असते, सहज फुटत नाही. मूल सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला, १०८ ला बोलवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि मालकाची भीती वाटत असेल तर भारतीय न्याय संहितेचं १९ वं कलम लक्षात ठेवा: गुन्ह्याचा हेतू नसताना, मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेलं लहान नुकसान हा गुन्हा नाही. जेठांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, फोडायची होती ना! दहा काचा फोडायच्या होत्या!’ पण त्या पोराला हे आधी कोण सांगणार?

नागपूर आणि मुंबईची गोष्ट वेगळी आहे. तिथे कुणी मुलांना गाडीत सोडलं नव्हतं. आपल्या गल्ल्यांत महिनोन्‌महिने धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या असतात, लॉक नसलेल्या. मुलांना ते खेळायचं घर वाटतं. दार आत ओढून घेता येतं; आतून उघडेलच असं नाही. चाइल्ड लॉक लावलेलं मागचं दार तर आतून उघडतच नाही. आपल्या गल्लीतल्या अशा गाडीच्या मालकाला जाऊन सांगायला मोर्चा लागत नाही. आणि मूल हरवलं की स्टेशन, बाजार, विहीर सगळं बघतात. आधी आसपासच्या गाड्या बघा, डिकीसकट.

शाळेत मी एक बदल केला. पहिल्या तासाला गैरहजर मूल दिसलं की घरी फोन करते. सहकाऱ्यांना ते जास्तीचं काम वाटतं आणि ते आहेच. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘बुखार है मॅडम.’ एकदा एका वडिलांनी दचकून विचारलं, ‘नै आया? मैं तो गेट पे छोड के आया.’ पोरगा मैदानात मांजराच्या पिल्लांपाशी बसला होता.

घरातही एक नियम आहे. लग्नाला जाताना आहेराचं पाकीट माझ्या पर्समध्ये नसतं, छोटीच्या मांडीवर असतं. मूल विसरणारा माणूसही आहेराचं पाकीट विसरत नाही, हे सासूबाईंचं म्हणणं. त्या हसत म्हणाल्या होत्या, मी ते हसण्यावारी नेलं नाही. छोटी आता शाळेत जाते, तिला त्या दिवसातलं काही आठवत नाही. पाकीट आपल्याकडे असतं म्हणून ती घरातली खजिनदार झाली आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या शादीखान्यात पुन्हा गेलो, मिठाई आणि कपडे घेऊन. वॉचमन म्हणाला, तो पोरगा पुण्याला गेला, कुठल्याशा हॉटेलात लागला. नंबर त्याच्याकडे नव्हता. मिठाई वॉचमनच्या नातवांना दिली. शर्टाचं कापड अजून माझ्या कपाटात आहे.