काडतुसावरचें वंगण

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण नेहमीं कृतघ्न माणसाला उद्देशून वापरतों, आणि ती वापरतांना आपली सहानुभूति अर्थातच वैद्याकडे असते. परंतु जगांत असेहि कांहीं वैद्य आहेत कीं, काम होतांच त्यांना खरोखरच घराबाहेर काढावें लागतें. नाहीं तर तेच रोग होऊन बसतात. काडतुसावरचें वंगण हें त्यांपैकीं एक.

विषय मराठी वाचकांस जरा आडवळणाचा वाटेल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें तयार करतां येत नाहींत, आणि आमच्यासारख्यांचा बंदुकीशीं संबंध दिवाळींतील टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे सहसा जात नाहीं. अमेरिकेंत मात्र शिकारीचा व नेमबाजीचा शोक असलेले पुष्कळ गृहस्थ आपलीं काडतुसें घरींच भरतात. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त मोंटाना राज्यांत स्थायिक झाला आहे. त्यालाहि हा नाद लागला. त्याच्याकडे आम्ही एक हिवाळा काढला, तेव्हां तळघरांत त्याच्या मेजाशीं बसून हा उद्योग आम्हीं जवळून पाहिला.

गोळी सुटली म्हणजे मागें पितळेची रिकामी पुंगळी उरते. शंभरांत सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त असें हें पितळ मोठें सोशीक असतें. दारूच्या दाबानें पुंगळी फुगते, आणि ती पुन्हां वापरावयाची तर पोलादी साच्यांत दाबून तिला पूर्वीच्या मापावर आणावें लागतें. कोरडी पुंगळी साच्यांत घातली तर ती अशी रुतून बसते कीं, काढतां काढतां नाकीं नऊ येतात. म्हणून तिला बोटानें वंगण चोळावयाचें. तेंहि बेतानें, अधिक झालें तर त्याला जावयास वाट राहत नाहीं व पुंगळीच्या खांद्यावर खळगा पडतो. भाचा हें वंगण घरींच करतो : मेंढीच्या लोकरींतून निघणारें लॅनोलिन आणि स्पिरिट.

साच्यांतून पुंगळी बाहेर आली कीं वंगणाचें काम संपलें, आणि येथूनच त्याची पीडा सुरू होते. आंत राहिलें तर तें दारू व टोपी बिघडवतें. बाहेर राहिलें तर धूळ व रेतीचे कण धरतें. पण खरी गोष्ट याहून नाजूक आहे. बार उडतो त्या क्षणीं पुंगळी फुगून भोंवतालच्या पोलादाला घट्ट आंवळून धरते, आणि मागें येणाऱ्या रेट्याचा कांहीं भाग त्या पकडींत जिरतो. दोहोंमध्यें तेलाचा पापुद्रा असला कीं पकड सैल होते व तो भार मागच्या बोल्टावर जातो. त्या बोल्टापासून नेम धरणाऱ्याचा डोळा फार लांब नसतो. आजच्या भक्कम रायफलींत एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं असें म्हणणारे जाणते लोक आहेत, आणि त्यांचें म्हणणें खोटें नसेल; पण तो डोळा त्यांचा नव्हे, आमच्या भाच्याचा आहे.

वंगणाच्या या खोडीची एक प्रसिद्ध हकीकत ज्युलियन हॅचर यांनीं आपल्या १९४७ च्या ग्रंथांत दिली आहे. १९२१ सालच्या राष्ट्रीय सामन्यांसाठीं टिनाचा मुलामा दिलेल्या गोळ्यांचीं काडतुसें काढलीं होतीं. नळींत धातूचा मळ सांचूं नये हा हेतु. जुन्या नेमबाजांना मात्र गोळी वंगणांत बुडवून मग भरण्याची सवय, ती कांहीं सुटली नाहीं. टिन आधींच पुंगळीच्या गळ्याला घट्ट चिकटलेलें, त्यांत वंगणाची भर. दाब धोक्याच्या पलीकडे गेला.

आमची बहीण मुलाजवळच असते. बंदुकीच्या भानगडींत ती पडत नाहीं, पण एके दिवशीं तिनें जिन्यावरूनच विचारलें, "अरे, तें तेल कशाचें?"

"मेंढीच्या लोकरीचें, आई. मेंढीला कांहीं करीत नाहींत, नुसती लोकर कापतात."

"मग ठीक," असें म्हणून ती स्वयंपाकघरांत गेली. हरणासाठीं भरलेल्या काडतुसाची चौकशी मेंढीपाशीं संपावी याचें आम्हांस हंसूं आलें. पण प्रश्न मात्र मनांत राहिला. १८५७ च्या जानेवारींत डमडम येथील शिपायांत हाच प्रश्न उठला होता. एन्फील्ड रायफलीचें काडतूस कागदाचें असे, त्याला चरबी लावलेली असे, व तें दांतांनीं तोडावें लागे. तुम्हीं स्वतःच तेल-मेण लावा, अशी सवलत सरकारनें दिली. पुढें हातानें तोडण्याचीहि मुभा दिली. उत्तरें येत गेलीं, पण तीं देणाऱ्यावरचा विश्वास उडाला होता. २४ एप्रिल रोजीं मीरत येथें ९० घोडेस्वारांपैकीं ८५ जणांनीं काडतुसें घेण्याचें नाकारलें. तीं काडतुसें तर जुन्याच धर्तीचीं होतीं. ९ मे रोजीं साऱ्या पलटणींदेखत त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या, आणि दुसऱ्या दिवशीं काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. आमच्या भाच्याला जिन्नस न् जिन्नस माहीत असतो, कारण तो स्वतःच बाटली हलवितो. त्या शिपायांना दुसऱ्याचा हात माखलेली वस्तु तोंडांत घालावयाची होती.

पुंगळ्या दारू भरण्यापूर्वींच स्वच्छ कराव्या हा खरा मार्ग. तरी हाताची तेलकटी राहते, आणि तयार काडतूस पुन्हां पुसावें लागतें. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा घातलेल्या फिरत्या पिंपांत कित्येकजण भरलेलीं काडतुसेंहि घोळतात. त्यानें आंतल्या दारूचे कण झिजतील अशी कांहींना भीति वाटते. करून पाहणारे म्हणतात, कांहीं फरक पडत नाहीं. भाचा त्या वादांत शिरत नाहीं. तो सुती फडक्याला स्पिरिटाचा नुसता ओलावा देतो (थेंब गळेल इतका नव्हे, नाहीं तर तो टोपीच्या फटींतून आंत उतरावयाचा), काडतूस बुडाशीं धरून फिरवितो, कोरड्या फडक्यानें पुसतो आणि दिव्याखालीं निरखून डबींत ठेवतो. पन्नास काडतुसांस अर्धा-पाऊण तास लागतो.

एके रात्रीं आम्हींहि फडकें घेतलें आणि पंचवीस काडतुसें पुसून, चकचकीत करून त्याच्यापुढें मांडलीं. त्यानें तीं एकेक उचलून पुन्हां पुसावयास घेतलीं.

"मामा, तुमच्यावर विश्वास नाहीं असें नव्हे," तो म्हणाला, "पण दस्त्याला गाल मी टेकणार आहें."