मोठें आणि स्पष्ट

ऐकूं येत नसेल तर मोठ्यानें बोलावें, हा उपाय मनुष्यजातीस फार पुरातन काळापासून ठाऊक आहे. वर्गांतील मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली कीं आम्हीही गेलीं तीस वर्षें तोच करीत आलों आहों. त्यामुळें आलेली वस्तु मोठी करून पुढें देणाऱ्या वर्धक नांवाच्या यंत्राविषयीं आमच्या मनांत एक प्रकारचा बंधुभाव आहे.

हें यंत्र आम्हीं जवळून पाहिलें तें अमेरिकेंतील मेरिलंड संस्थानांत, फ्रेडरिक गांवीं, आमच्या लेकीच्या घरीं. तेथें आकाशांतून फुकट येणारी दूरचित्रवाणी अद्याप जिवंत आहे. मात्र १२ जून २००९ पासून मोठ्या केंद्रांचें प्रक्षेपण अंकीय झालें आणि अंधुक चित्र हा मधला प्रकार संपला. चित्र लख्ख दिसतें, नाहीं तर तुकडे होऊन अडतें.

गांवाच्या पूर्वेस बाल्टिमोर, आग्नेयेस वॉशिंग्टन. दोन्ही ६०-७० किलोमीटर दूर. जावईबापूंनीं छपरावर दोन्ही शहरांकडे तोंड करून दोन अँटेना उभारल्या, त्यांच्या तारा एका जोडणीच्या डबींत आणल्या, एकच तार खालीं सोडली आणि संचाजवळ वर्धक बसविला. दोन अँटेना म्हणजे दुप्पट केंद्रें, हें गणित वरवर बिनचूक होतें. प्रत्यक्षांत पूर्वीं दिसणारीं कांहीं केंद्रेंही दिसेनाशीं झालीं.

आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. तथापि जावईबापूंनीं पुढें जी मीमांसा केली ती आम्हांसही पटली. जोडणीची डबी तटस्थ नसते. प्रत्येक अँटेनेच्या शक्तीपैकीं सुमारें निम्मी तींतच खर्ची पडते. शिवाय एकच केंद्र दोन्ही अँटेनांस थोडेंबहुत दिसतें, आणि एकीच्या लहरींचा चढ दुसरीच्या उतारावर पडला तर दोघी परस्परांस पुसून टाकतात. उरलेलें तारेंत झिजतें. ३० मीटर तारेंत उच्च लहरींची निम्म्याहून अधिक शक्ति नाहींशी होते. मग खालचा वर्धक वाढविणार काय? जें क्षीण होऊन पोंचलें तें, आणि त्याजबरोबर गोंगाट. मालिकेंतील पहिल्या पायरीचा गोंगाटच शेवटपर्यंत भारी पडतो, हें हॅराल्ड फ्रिस या अभियंत्यानें १९४४ मध्यें सूत्ररूपानें मांडलें आहे.

म्हणून जावईबापूंनीं वर्धक वर नेले; प्रत्येक अँटेनेजवळ एक, डबीच्या अलीकडे. बहुतेक केंद्रें स्थिर झालीं. दोन मात्र हट्टी निघालीं. त्यांच्यासाठीं एक अँटेना थोडी वळवावी लागली. तात्पर्य, मोठें करणें निराळें आणि स्पष्ट करणें निराळें.

या घरांत आमची चार वर्षांची नात आहे. इंग्रजी तिच्या कानीं चारी दिशांनीं येतें. मराठी मात्र दुरून, क्षीण होऊन. मोठी झाली म्हणजे तिला मराठीच्या वर्गास घालूं, असें मंडळी म्हणतात. आम्हांस तो खालचा वर्धक वाटतो. जे शब्द वाटेंतच झिजले त्यांस मागाहून कितीही जोर दिला तरी ते उमटत नाहींत. बळ द्यावयाचें तें पहिल्या पायरीवर, कानाजवळ, घरांतच. दोन भाषा एका कानांत भांडतात, अशी भीति कित्येक दाखवितात. येथें मात्र आमची उपमा संपते. मुलाचें मन ही जोडणीची डबी नव्हे. एकीस जागा दिली म्हणून दुसरीची निम्मी शक्ति तेथें खर्ची पडत नाहीं.

लेकीस हें पटलें. रात्रीं निजतांना गोष्ट मराठींतच सांगावयाची, असें तिनें ठरविलें. तिसऱ्या रात्रीं नातीनें गोष्ट मध्येंच थांबवून विचारलें, "आजोबा, अँटेनेला कान असतात का?" उत्तर आम्हांस सुचलें नाहीं, परंतु प्रश्न मराठींत होता, इतकें येथें नमूद करतों.