मामाची लेक

रेल्वेच्या दप्तरात बहुतेक स्थानकांना दोन, तीन किंवा चार रोमन अक्षरांचे सांकेतिक नाव असते. परंतु हावडा-मुंबई लोहमार्गावरील गोंदिया जंक्शनच्या वाट्याला एकच अक्षर आले आहे, आणि ते अक्षर आहे ‘जी’. कोणीही हाक मारावी आणि या गावाने पिढीजात अदबीने ‘जी’ म्हणून ओ द्यावी, असा हा प्रकार आहे. ज्या कोणा कारकुनाने हे अक्षर नेमून दिले, त्याच्या मनात अशी काही कोटी असण्याचा सुतराम संभव नाही. पण कोटी करणारा कोणी असावाच लागतो असे थोडेच आहे? दोन भाषा एका फलाटावर दीर्घकाळ उभ्या राहिल्या, की त्यांचे खांदे एकमेकींना लागतात, आणि त्या नकळत झालेल्या स्पर्शातून जे विनोद निर्माण होतात ते पुष्कळदा विनोदी लेखकांच्या विनोदांहून सरस असतात.

इंग्रजी शब्दांची कुळकथा धुंडाळीत बसणे हा निरुद्योगी मनुष्याचा छंद आहे हे मला मान्य आहे. मात्र ज्याला हा छंद जडला आहे त्याने लंडनच्या ग्रंथालयापेक्षा वैनगंगेच्या खोऱ्यात यावे, असे मी आग्रहाने सांगेन. भंडारा आणि १ मे १९९९ रोजी त्यातूनच वेगळा झालेला गोंदिया हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजातील जलकुशल पुरुषांनी गोंड राजांच्या आश्रयाने दोन टेकड्यांच्या मधली जागा हेरून, मातीची पाळ घालून, पावसाचे पाणी अडविले आणि त्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकविल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हा त्याच परंपरेतला. पाळीला इकडच्या झाडीबोलीत ‘पार’ म्हणतात, कारण त्या बोलीत ‘ळ’ फारसा टिकत नाही, त्याचा ‘र’ होतो. लहान तळ्याला ‘बोडी’ म्हणतात. महसुलाची जमाबंदी करण्यास आलेल्या इंग्रज अंमलदारांच्या कानांवर हे सारे शब्द पडलेच असतील, तथापि त्यांनी आपल्या अहवालांतून या सर्व तलावांना आणि बोड्यांना सरसकट एकच शब्द लावला: टँक.

आता हा ‘टँक’ कोठला? हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा एक अवाढव्य कोश रचला, तो १८८६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याला त्यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असे नाव दिले. हे नाव म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांच्या जिभेने केलेले भजे होय. त्या कोशकारांना ‘टँक’ या शब्दाने बरेच छळलेले दिसते, कारण त्याला दोन बाप निघतात. एकीकडे गुजराती-मराठीतले ‘टाके’ (आपल्या गडकोटांवर कातळात खोदलेले असते तेच) आणि दुसरीकडे पोर्तुगीज ‘टांके’, ज्याची नाळ स्थिर पाणी असा अर्थ असलेल्या लॅटिन ‘स्टॅग्नम’शी, म्हणून इंग्रजी ‘स्टॅग्नंट’शीही, जोडलेली आहे. दोन्ही दावेदारांचे कागद इतके तंतोतंत जुळतात, की कोणत्याही दिवाणी न्यायाधीशाने हा मुकदमा तारखांवर तारखा देऊन निवृत्तीपर्यंत ढकलला असता. माझा स्वतःचा कौल विचाराल तर तो टाक्याच्या बाजूने आहे. पण त्यामागे पुराव्यापेक्षा पक्षपात अधिक आहे.

पुढची हकीकत आणखी मौजेची आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील लिंकन शहरी विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात एक पोलादी, सरपटणारे युद्धयंत्र तयार होत होते. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ती पाणी वाहून नेण्याची भांडी आहेत अशी हूल उठविण्यात आली, आणि त्या बतावणीचे नाव म्हणून ‘टँक’ हा शब्द पसंत केला गेला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ही पाण्याची भांडी प्रथम आग ओकीत पुढे सरकली, आणि थापच कायमचे अभिधान होऊन बसली. आपण मराठीत त्याला ‘रणगाडा’ म्हणून मोकळे झालो, हे भाषेच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु त्यामुळे शिवनेरीवरचे टाके आणि सोमवरचा टँक हे कदाचित भाऊबंद असतील ही गंमत मराठी वाचकाच्या नजरेआड गेली.

इंग्रजांचा ‘टँक’ दप्तरात राहिला. लोकांच्या तोंडी मात्र वेगळेच नाव बसले. मध्य प्रांतात जमीनमहसूल गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांना इंग्रजांनी जमिनीचे मालकीहक्क दिले, आणि गावाबरोबर गावचे तलावही त्यांच्याकडे राहिले. स्वातंत्र्यानंतर, भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, १९५० साली हे हक्क संपुष्टात आणणारा कायदा झाला व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी इतिहासजमा झाली. तलाव सरकारजमा झाले आणि सरकारी भाषेत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे भारदस्त अभिधान मिळाले. ‘माजी’ अरबी, ‘माल’ अरबी, ‘गुजारी’ फारसी, आणि एकटा ‘तलाव’ बिचारा घरचा म्हणायचा! इतके लांब नाव तक्त्याच्या रकान्यात मावेना, म्हणून कोणीतरी आद्याक्षरे घेतली, ‘मा. मा. तलाव’ असे लिहिले, आणि पुढे अक्षरांमधली टिंबे गळून पडताच अरबस्तानातून निघालेला तो सारा सरंजाम एका क्षणात आपल्या आईचा भाऊ झाला. आज शासननिर्णयापासून चावडीपर्यंत सर्वजण ‘मामा तलाव’ म्हणतात. कोणत्याही कोशकाराच्या हातून न घडलेली ही व्युत्पत्ती मला फार आवडते, कारण धान वाळू लागले म्हणजे ज्याच्याकडे हक्काने हात पसरावा असा तो नातलगच आहे. गाळ साचून हा मामा उथळ झाला, आणि तो उपसण्याचे आश्वासन दरवर्षी ऐकणाऱ्या भाच्यांना आपल्यालाच कोणी ‘मामा बनविले’ असे वाटू लागले, तर तो दोष शब्दाचा नव्हे.

आणि मामा आला की मामाची लेक येणारच. तळ्याला इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात, ते लॅटिन ‘लाकुस’पासून, आणि मराठीत लेक म्हणजे मुलगी. त्यामुळे नवेगावबांधच्या पाळीवर ‘लेक’ अशी इंग्रजी पाटी देवनागरीत लागली तर भोळ्या वाचकाने कोणाच्या लेकीची चौकशी करावी, हा प्रश्न पडेल. पण इंग्रजीत आणखी एक ‘लेक’ आहे, आणि ती खरोखरच आपल्याकडून सासरी गेलेली आहे. चित्रकार ज्या गर्द तांबड्या रंगाला ‘क्रिम्झन लेक’ म्हणतात, त्यातला ‘लेक’ पाण्याचा नसून लाखेचा आहे. संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृत ‘लक्खा’, फारसी ‘लाक’, मध्ययुगीन लॅटिन ‘लाक्का’ असा प्रवास करीत ती युरोपात पोहोचली. ‘लॅकर’ आणि ‘शेलॅक’ ही तिचीच अपत्ये. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या डहाळ्यांवर एक क्षुद्र कीटक आपल्या अंगातून स्रवणाऱ्या राळेचे कवच चढवितो. त्या कवचाने पांडवांसाठी घर उभारले, नववधूच्या पावलांना अलक्तकाचा, म्हणजे आपल्या आळत्याचा, रंग दिला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोनच्या तबकड्यांना देह दिला. त्या काळ्या तबकड्यांतील मुख्य बंधक द्रव्य शेलॅकच होते. म्हणजे पुण्याच्या माडीवर बालगंधर्वांचा स्वर ज्या तबकडीवर फिरत होता, तिच्या मुळाशी कोठल्या तरी रानातला कुसुम किंवा पळस उभा होता. शास्त्रीय संगीताच्या इतिहासात घराण्यांची इतकी चर्चा होते, या कीटकाच्या घराण्याची मात्र कोणी दखल घेत नाही.

मामाच्या लेकीवरून आठवले: गोंडांमध्ये मामे-आते भावंडांच्या विवाहाला ‘दूध लौटावणे’ म्हणतात. एका घरातून गेलेले दूध पुढच्या पिढीत त्याच घरी परत यावे, हा त्यातला भाव. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींविषयीच्या ग्रंथात या चालीची नोंद आहे, आणि तो ग्रंथ रणगाड्याच्याच वर्षी, १९१६ साली, छापला गेला. शब्दांच्याही बाबतीत हेच घडते. लाख म्हणून गेलेली मुलगी लॅकर होऊन फर्निचरच्या दुकानात परतते, आणि आपण तिला परकी समजून वर किंमत मोजतो.

सारसाचे उदाहरण त्याहून सरळ आहे. ‘सरस्’ म्हणजे सरोवर, त्यावर राहणारा तो ‘सारस’. इंग्रजांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला. महाराष्ट्रात हा उंच, लाल मानेचा पक्षी आज जवळजवळ गोंदियापुरताच उरला आहे, आणि धानाच्या चिखलात घरटे बांधतो. त्या चिखलाला इंग्रजीत ‘पॅडी फील्ड’ म्हणतात खरे, पण ‘पॅडी’ ना इंग्रजी ना भारतीय, ती मलायी. उलट दिशेनेही वाहतूक होतीच: ‘रिक्रूट’चा आपण ‘रंगरूट’ केला, ‘लॉर्ड’चा ‘लाट’ केला, आणि लाटसाहेब म्हणताना साहेबाला किंचित लाटल्याचे समाधानही मिळविले.

उरले गोंदियाचे नाव. येथील रानातून गोंद आणि लाख बाजारात येई, त्या गोंदावरून गोंदिया, असे एक पक्ष सांगतो. गोंडांवरून गोंदिया, असे दुसरा. मी या वादात पडत नाही, कारण गोंड या नावाने मारलेली मजल गोंदियाच्या कितीतरी पुढची आहे. भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन खडकांच्या थरांना १८७२ च्या सुमारास ‘गोंडवाना’ हे नाव दिले. पुढे एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन पंडिताने एका लुप्त महाखंडाला ‘गोंडवानालँड’ म्हटले. आज त्या नावाखाली आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाचे बर्फ इतके सारे मोडते. इतका मोठा मुलूख देवगडच्या गोंड राजालाही स्वप्नात दिसला नसेल. वनाला ‘लँड’ जोडून पंडितांनी अरण्यभूमीची भूमी केली, ही द्विरुक्ती आपण उदार मनाने माफ करू. पण माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे निघालेल्या यात्रेकरूंत मिसळून कोणा वृद्ध गृहस्थाला विचारावे, की बाबाजी, तुम्ही स्वतःला काय म्हणता. तो ‘कोयतूर’ म्हणेल. ‘गोंड’ हे नाव त्याला इतरांनी दिलेले आहे.