स्टिअरिंग अडकलं नव्हतं

2018 च्या जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर मी टीमला सांगितलं होतं, “स्टिअरिंग अडकलं रे.” ते खोटं होतं. हे कबूल करायला मला सहा वर्षं लागली.

इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बनवलेली एका सीटची गाडी घेऊन फॉर्म्युला भारत स्पर्धेला येतात. आम्हीही पुण्याहून गेलो होतो. कित्येक महिने वर्कशॉपमध्येच झोपून गाडी उभी केली होती. ऑटोक्रॉसला दोन ड्रायव्हर उतरवायचे होते. एक ठरलेला होता. दुसऱ्या जागेसाठी मी आणि तिसऱ्या वर्षाचा एक ज्युनिअर. सरावात तो माझ्यापेक्षा फास्ट होता, सगळ्यांनी पाहिलं होतं. पण मी कॅप्टन होतो, शेवटचं वर्ष होतं. मीच बसलो.

पहिल्या लॅपला कोन उडवले, दुसऱ्या लॅपला गाडी गर्रकन फिरली. उतरल्या उतरल्या स्टिअरिंगचं नाव घेतलं. कोणी वाद घातला नाही. आमच्याच हातची गाडी, तिच्यात शंभर दोष होते. त्यात आणखी एक खपून गेला.

मग सॉफ्टवेअरची नोकरी आणि चेन्नई. 2024 मध्ये ऑफिसातला एक मित्र, जो सुट्टीच्या दिवशी रेसला मार्शल म्हणून जातो, मला इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर घेऊन गेला. फॉर्म्युला 4 इंडियन चॅम्पियनशिपची फेरी होती. ही स्पर्धा 2023 पासून सुरू झाली. कार्टिंगमधून येणाऱ्या पोरांसाठी सिंगल-सीटर रेसिंगची ही पहिली पायरी. वयाची अट किमान 15 वर्षं. फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी 40 गुण लागतात, फॉर्म्युला 4 च्या विजेत्याला जास्तीत जास्त 12 मिळतात. रस्ता लांब आहे, आणि महागही.

मला मात्र तिथला एक नियम लागला: गाडी सगळ्यांना सारखीच. तीच मायगेलची चासी, तेच 1.3 लिटरचं टर्बो इंजिन, तेच टायर. सरावाचे दिवस पैशानं विकत घेता येतात, त्यामुळे सगळं समान असतं असं नाही. पण ‘माझी गाडीच वेगळी होती’ हे म्हणायची सोय जवळजवळ उरत नाही.

गॅरेजमध्ये एक मुलगा नुकताच हेल्मेट काढून उभा होता. केस घामानं चिकटलेले, दाढी अजून फुटायची होती. इंजिनिअरनं लॅपटॉपवर दोन रेषा एकावर एक ठेवल्या. एक त्याची, एक टीममधल्या दुसऱ्या ड्रायव्हरची. एका वळणाआधी त्याची रेषा लवकर खाली येत होती.

“इथे लवकर ब्रेक का?”

मुलगा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “भीती वाटली.”

इंजिनिअरनं नुसती मान हलवली आणि पुढच्या वळणावर बोट ठेवलं. एवढंच. कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही. बाविसाव्या वर्षी मला जे जमलं नव्हतं, ते ह्या पोरानं दोन शब्दांत उरकलं होतं.

परत येताना बसमध्ये मी त्या ज्युनिअरचा नंबर काढला. आमच्यानंतरच्या वर्षी कॉलेजनं पैसे दिले नाहीत, टीम गेलीच नाही. म्हणजे ती सीट त्याची पहिली आणि शेवटची संधी होती. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी त्याचा विचार करायचं टाळलं होतं.

लिहिलं, “कारीला स्टिअरिंग अडकलं नव्हतं. सीट तुझी होती. सॉरी.”

निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

“माहितीये दादा. त्या रात्री लॉग मीच काढला होता. स्टिअरिंग कुठेच अडकलेलं नाही. वळणात असतानाच तू थ्रॉटल पूर्ण दाबलंस.”

मी विचारलं, “मग तेव्हा का नाही बोललास?”

“तू कॅप्टन होतास.”

थोड्या वेळानं त्यानं एक फाइल पाठवली. तोच लॉग. सहा वर्षं त्यानं तो जपून ठेवला होता. मी तो उघडला आणि त्या वळणापर्यंत गेलो.